व्याहीबुवांची मोळी

गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. मी ज्यांच्याकडून ऐकली, त्यांच्या हाती ती आली तेव्हाही जुनीच होती. तेव्हा नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावाच्या उत्तरेला, सात मुक्कामांवर, बर्फाच्या खिंडीपलीकडे एक डोंगराळ प्रदेश होता. गावातले लोक त्याला वरला मुलूख म्हणत. तिकडे जाऊन आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, पण तिकडची माहिती मात्र घरोघरी होती.

त्या गावात हिरोजी नावाचा रंगारी राहत होता. कोपरापर्यंत निळे झालेले हात आणि सदा उत्तरेकडे वळलेली मान, ही त्याची ओळख. मान उत्तरेकडे का वळे, ते पुढे येईलच.

हिरोजीसारखा कारागीर पंचक्रोशीत नव्हता. निळीचा हौद तयार झाला की नाही, हे तो नुसत्या वासावरून सांगे. बाकीचे रंगारी उतावळेपणाने कापड बुडवत आणि मग डाग धुवत बसत. हिरोजी थांबे. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही, आणि मग एका सकाळी वाकून वास घेई आणि म्हणे, "आता." चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही कापड वाया गेलं नव्हतं. "रंग घाईला वश होत नाही," असं तो येता-जाता सांगे, आणि ते खरंच होतं. पण माणसाला एक गोष्ट फार चांगली जमली की तो जगातल्या सगळ्या गोष्टी तिच्याच मापाने मोजू लागतो. हिरोजीचं तेच झालं.

त्याला एकच मुलगी होती. तिची आई तिच्या लहानपणीच गेली होती. करडईच्या फुलांपासून निघणाऱ्या लाल रंगावरून त्याने तिचं नाव कुसुंबी ठेवलं होतं. रंगाऱ्याने दुसरं काय ठेवावं? कुसुंबी मोठी झाली आणि वरल्या मुलखातून लोकर घेऊन आलेल्या एका शांत तरुणाशी तिचं लग्न ठरलं.

लग्नाला तरुणाची आई खाली आली होती. जाडजूड बाई, अंगावर न रंगवलेली लोकर, सपाटीवरच्या उन्हाने घामाघूम झालेली. मांडवात टांगलेलं कुसुंबी लुगडं तिने दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

"व्याहीबुवा, हा रंग आमच्याकडे नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे मेंढीचा पांढरा, मेंढीचा काळा आणि धुराचा करडा. झालं."

"विहीणबाई, असंच लुगडं घेऊन मी स्वतः येईन तुमच्याकडे. माझ्या हाताने देईन."

"याल?" तिने विचारलं. मग पुन्हा विचारलं, "खरंच याल?"

"म्हणजे काय! लेकीचं घर बघायला नको?"

"मग यंदाच्या हिवाळ्यापासून तुमची मोळी बाजूला ठेवते," विहीणबाई म्हणाली.

हिरोजी हसला. त्याला वाटलं, तिकडची काहीतरी बोलायची रीत असेल. बोलायच्या रीती त्याच्या गावात काय कमी होत्या? त्या गावात आमंत्रणाला 'नाही' म्हणणं अशुभ मानत. दारावरून जाणाऱ्याला माणूस ओट्यावरून ओरडे, "या जेवायला!" जाणारा "येतो, येतो!" म्हणत पुढे जाई. कुणी येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असे. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, पण दोघांची मनं त्यावर भरत.

निरोप घेताना कुसुंबी बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, लवकर या."

"चांगला ऋतू बघून येतो," हिरोजी म्हणाला.

पुढच्या वर्षी खिंडीतलं बर्फ उतरलं आणि लोकरवाला म्हातारा आपल्या बकऱ्या घेऊन खाली आला. तो वरल्या मुलखाचाच. उन्हाळ्याच्या तोंडी खाली येई, लोकर विके, आणि खिंड मिटायच्या आधी शरदात परत वर जाई. जाता-येता निरोपही पोचवी.

"कुसुंबी बरी आहे," त्याने सांगितलं. "सासूबाईंनी मोळी ठेवली आहे. कधी येता, असं विचारलंय."

हिरोजीने त्याच दिवशी गाठोडं बांधलं. लुगडं वर ठेवलं. वेशीपर्यंत गेला, तर तिथे खेचरांचा तांडा हाकणारा एक जण बसलेला.

"आत्ता जाताय? बर्फ वितळतंय, काका. नद्या फुगल्यात. दोरांचे पूल वाहून गेलेत. ही काय जायची वेळ?"

हिरोजी परत आला आणि त्याने गाठोडं सोडलं. मग पावसाळा लागला, आणि पावसात दरडी कोसळतात हे तर कुणीही सांगेल. शरद आला. आकाश धुतलेल्या कापडासारखं झालं. लोकरवाला निघताना म्हणाला, "चला माझ्याबरोबर. हीच वेळ."

"पण मग खिंड मिटेल. हिवाळाभर तिथेच अडकून पडेन की!"

"अडकणं कसलं? त्याला आम्ही राहणं म्हणतो."

"आणि माझे हौद?"

लोकरवाल्याने हौदांकडे पाहिलं. "मग नाही म्हणून सांगू?"

"छे, छे! नाही कसं? येतो म्हणून सांग. चांगला ऋतू बघून येतो."

झालं. घोंगडं भिजत पडलं ते तेव्हापासून.

पण हिरोजी आळशी होता असं समजू नका. आळशी माणूस निदान स्वस्थ बसतो. हिरोजीला स्वस्थता म्हणून नव्हती. वरल्या मुलखातून आलेला कुणी दिसला की तो हातातलं काम टाकून धावे. "सांगा बरं, तिकडे जायला सगळ्यात चांगला ऋतू कोणता?" त्याला लेकीचं घर बघायचं होतंच, पण ते उत्तम रंगात बघायचं होतं. एवढे सात मुक्काम तुडवायचे आणि डोंगर धुक्यात झाकलेला, असं झालं तर? अवेळी बुडवलेल्या कापडासारखी सगळी यात्रा वाया जायची.

मध गोळा करणारा म्हणाला, "वसंतात जा. उतारच्या उतार लाल फुलतात. तसला लाल तुमच्या हौदातसुद्धा नाही." हे ऐकून हिरोजीला दोन दिवस जेवण गेलं नाही. एका बैराग्याने शरद सांगितला, कारण तेव्हा शिखरं हाताला लागतील इतकी जवळ येतात. एक म्हातारा शिपाई मिशीवर हात फिरवून म्हणाला, "हिवाळा! नदी गोठते, तिच्यावरून सरळ चालत जायचं. पूल नको, खिंड नको." आणि एक वैदू सांगून गेला की भर पावसात जो तिकडे गेला नाही, त्याने औषधी वनस्पतींचा वास कधी घेतलाच नाही.

हिरोजीने कारखान्याच्या भिंतीवर बारा महिन्यांचे बारा पट्टे ओढले. ज्याने जो महिना चांगला म्हटला, त्या पट्ट्यात तो एक लाल ठिपका देई. जो महिना कुणी वाईट म्हणे, त्यात निळा. त्याला वाटलं, वर्षभरात भिंतच उत्तर देईल. वर्षभरात भिंत सगळी जांभळी झाली.

असा कोणताही महिना नव्हता ज्याचं कुणी गुणगान केलं नाही, आणि असाही नव्हता ज्यात कुणी मेलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगीच नाही.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी निरोप येई. कुसुंबीला मुलगी झाली. मुलगी रांगायला लागली. मुलगी बोलायला लागली. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी तेच, "सासूबाईंनी मोळी ठेवली आहे. कधी येता?"

दरवर्षी हिरोजी गाठोडं बांधी आणि सोडी. लुगडंही दरवर्षी नव्याने रंगवावं लागे. कुसुंबी रंग देखणा खरा, पण नुसता पडून राहिला तरी विटतो. घडीच्या कडांवर तो आधी फिका होई. मग हिरोजी करडईची फुलं भिजवी, त्यांचं पिवळं पाणी धुऊन काढी, पापडखार घाली, लिंबू पिळी, आणि लुगडं पुन्हा लालबुंद करी. एका लुगड्याला त्याने इतक्या वेळा रंग दिला की तेवढ्या वेळात तो वर जाऊन परत आला असता. शेजारणीने एकदा हे बोलूनही दाखवलं, तर हिरोजी आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

पाचवं वर्ष उजाडलं. हिरोजीची झोप उडाली. हौदाशी बसला की त्याची मान उत्तरेकडे वळे. त्या वर्षी त्याने एक कापड बिघडवलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. वास घ्यायला वाकला आणि मनात दुसरंच चालू होतं. डागळलेलं कापड हातात धरून तो नुसता उभा राहिला. कामगारांनी माना खाली घातल्या.

शरदात लोकरवाला निघाला. या वेळी त्याने बकऱ्या थांबवल्या आणि म्हणाला, "हिरोजी, एक सांगू? यायचं नसेल, तर नाही म्हणा. आमच्याकडे 'नाही'चा कुणाला राग येत नाही. 'नाही' आलं की माणूस मोकळा होतो."

"नाही कसं म्हणू? पोटची मुलगी आहे माझी!" हिरोजी दुखावला. "तू सांग, येतो. या खेपेला नक्की येतो. तुझ्या मागोमाग चार दिवसांत निघतोच."

लोकरवाला घुटमळला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण पाहुण्यासाठी आपण काय सोसतो ते पाहुण्याला सांगायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. त्याने काठी उचलली आणि 'नक्की' हा शब्द घेऊन तो डोंगर चढू लागला.

आणि हिरोजी खरंच निघाला! पहिल्या मुक्कामापर्यंत गेलाही. धर्मशाळेत दोन मेंढपाळ हात शेकत बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "यंदा वाऱ्याला बर्फाचा वास लवकर येतोय. खिंड महिनाभर आधी मिटणार."

हिरोजी सकाळी उठला, उत्तरेकडे पाहिलं, दक्षिणेकडे पाहिलं. आणि दक्षिणेला चालू लागला. खरं सांगायचं तर घराजवळ आल्यावर त्याला हायसं वाटलं. वाईट वेळी जाण्यापेक्षा चांगल्या वेळी उशिरा गेलेलं बरं, असं त्याने स्वतःला समजावलं. असल्या समजुती माणसाला फार लवकर पटतात.

सहाव्या वर्षी लोकरवाला खाली आला. हिरोजी वेशीवर त्याची वाट बघत उभाच होता.

"निरोप?"

"नाही."

"नाही म्हणजे? कुसुंबी काही म्हणाली असेल. मोळी ठेवली आहे, असं काही?"

"काही म्हणाली नाही. मी दाराशी गेलो होतो. तिने पाणी दिलं. निरोप दिला नाही."

"बरी आहे ना ती?"

लोकरवाल्याने बकऱ्यांवरच्या पिशव्या सोडायला घेतल्या. "घरात काय घडलं ते घरच्यांनीच सांगायचं असतं," तो म्हणाला. "दिलेला निरोप मी आणतो. न दिलेला कसा आणू?"

'कधी येता?' हा जो प्रश्न सहा वर्षं हिरोजीला टोचत होता, तो टोचायचा थांबला आणि आत खोल कुठेतरी रुतला. त्याने गाठोडं बांधलं नाही, कारण ते बांधण्याइतकाही धीर नव्हता. लुगडं काखेत मारलं, काठी घेतली आणि निघाला. भिंतीकडे त्याने पाहिलंही नाही.

वेशीवर तोच खेचरवाला भेटला. "काका, आत्ता? बर्फ वितळतंय. नद्या फुगल्यात. वेड लागलंय का?"

"लागलंय," हिरोजी म्हणाला आणि चालत राहिला.

नद्या फुगल्याच होत्या. एक पूल वाहून गेला होता. धनगरांनी कमरेला दोर बांधून त्याला पलीकडे ओढून घेतलं. अर्ध्या पाण्यात पाय सुटले, पण काखेतलं लुगडं त्याने सोडलं नाही. खिंडीत गुडघाभर बर्फ होतं. ते पार करताना त्याची बोटं बधिर झाली. पलीकडे उतरला तेव्हा उतारच्या उतार लाल फुलले होते, मध काढणाऱ्याने सांगितलं होतं त्याहून लाल. पुढे आयुष्यभर लोक त्याला त्या दिवशीच्या रंगाविषयी विचारत, आणि हिरोजीला काही सांगता येत नसे. त्याने पाहिलंच नव्हतं. तो पायाखालचा दगड आणि त्यापुढचा दगड एवढंच बघत होता, आणि मनात एकच घोकत होता, माझी पोर असू दे.

सातव्या दिवशी दुपारी तो त्या दगडी घरापाशी पोचला. अंगणात चार-पाच वर्षांची एक पोर ऊन खात बसली होती. तिने त्याच्या हातांकडे टक लावून पाहिलं. मग उठून आत धावली.

"आई! मोळीवाले आजोबा आले! हात निळे आहेत!"

कुसुंबी दारात आली. वाळली होती. डोळे खोल गेले होते. पण होती! तो उंबऱ्यावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"आहेस ना गं! मला वाटलं..."

"आत या, बाबा," ती म्हणाली. "किती गारठलात."

ती हसली नाही, रडलीही नाही. आत थंडी होती. चुलीत शेणाची एक गोवरी धुमसत होती. डोळे अंधाराला सरावले आणि हिरोजीला दिसलं की एक अख्खी भिंत जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकडांनी भरली आहे. नीट तोडलेल्या, नीट बांधलेल्या मोळ्या. प्रत्येक मोळीला लोकरीचा एक पांढरा पीळ. खालच्या थरांची लाकडं जुनी होऊन करडी पडलेली.

रडून झालं की माणूस काहीबाही बोलतो. हिरोजी म्हणाला, "वा! लाकडाचा साठा मात्र चांगला केलाय तुम्ही."

"आमचा नाही तो," कुसुंबी म्हणाली. "तुमचा आहे."

हिरोजीला कळलं नाही. त्याने काखेतलं लुगडं काढलं. नदीच्या पाण्याने त्याच्यावर ओघळ उठले होते. "विहीणबाई कुठे आहेत? म्हटलं होतं ना, माझ्या हाताने देईन."

कुसुंबीने चुलीतली गोवरी सारखी केली. मग पोरच म्हणाली, "आजी माघात गेली. तिला फार थंडी वाजायची."

हिरोजीने लाकडांकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग पुन्हा लाकडांकडे.

"बसा," कुसुंबी म्हणाली. "आता सांगायलाच हवं."

तिने सांगितलं ते असं. वरल्या मुलखात रान थोडं आणि हिवाळा लांब. प्रत्येक चुलीला पंच ठरवून देतील तेवढीच लाकडं तोडायची, त्याहून एक फांदी जास्त नाही. ज्या घराला पाहुणा 'येतो' म्हणेल, त्या घराने आपल्याच वाट्यातल्या काही मोळ्या त्याच्यासाठी बाजूला ठेवायच्या, कारण पाहुणा केव्हाही येईल आणि गारठलेला येईल. ती लाकडं घरच्यांनी जाळायची नाहीत. पाहुण्याने येऊन आपल्या हाताने पेटवायची. तो 'येत नाही' असा निरोप आला, तर मात्र त्याच दिवशी ती घरची होतात.

"दरवर्षी तुम्ही 'येतो' म्हणालात," कुसुंबी म्हणाली. "दरवर्षी आम्ही तुमच्या वाट्याच्या मोळ्या ठेवल्या आणि उरलेल्यांत हिवाळा काढला. त्याचं काही वाटलं नाही, बाबा. सासूबाई तर खुशीत असायच्या. मोळी बांधताना म्हणायच्या, व्याहीबुवा लाल लुगडं घेऊन येणार आहेत."

गेल्या वर्षी बर्फ महिनाभर आधी पडलं. गावाची अर्धी लाकडं रानातच गाडली गेली. शेजाऱ्यांकडेही द्यायला काही उरलं नाही. पौषात घरची शेवटची मोळी संपली. माघात म्हातारी तापाने पडली.

एव्हाना जावई मेंढ्या कोंडून आत आला होता. तो सासऱ्याच्या पाया पडला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"मी हात घातला होता या मोळ्यांना," तो सावकाश म्हणाला. "म्हटलं, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. आईने माझा हात धरला. म्हणाली, 'नक्की येतो म्हणालेत ते. निघाले असतील. खिंडीत अडकले असतील. येतील ते गारठून येतील, आणि आपल्या घरात त्यांच्यासाठी विस्तव नाही असं व्हायला नको.'"

"सारखी दाराकडे बघायची," पोर म्हणाली.

हिरोजी एवढंच म्हणाला, "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"काय सांगायचं होतं, बाबा?" कुसुंबीचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि डोळ्यांतून पाणी आलं. "लवकर या, असं? ते दरवर्षी सांगितलं. तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं हो. तुम्ही 'नाही' म्हणाला असतात तरी चाललं असतं. गेल्या शरदात तुमचं एक 'नाही' आलं असतं, तर त्या आज इथे बसलेल्या असत्या."

आता भिंतीवर रंगांचे ठिपके नव्हते की ज्यांच्याकडे बघत विचार करत बसावं. कुसुंबीने गारगोटी आणि कापूस त्याच्यासमोर ठेवला. "पेटवा. घरातली पोर गारठली आहे. तुमच्याशिवाय कुणाला पेटवता येत नाही."

हिरोजीने सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी मोळी ओढून काढली. सहा वर्षं वाळलेलं लाकूड होतं, एका ठिणगीसरशी पेटलं. बघता बघता घर उबदार झालं. पोर चुलीपाशी सरकली, तळवे पुढे केले आणि खुदकन हसली. "आई, किती छान ऊब!"

त्या उबेत हिरोजीला बसवेना. तो उठला आणि दाराजवळ रिकाम्या राहिलेल्या विहीणबाईच्या जागेवर त्याने लुगडं पसरून ठेवलं. मग तिथेच, थंड दगडावर, जाळाकडे पाठ करून बसून राहिला.

तो वर्षभर तिथेच राहिला. वसंत पाहिला, पाऊस पाहिला, शरद पाहिला, हिवाळा पाहिला. प्रत्येक ऋतू सुंदर होता आणि प्रत्येक ऋतूत ती जागा रिकामी होती. वर्षाच्या शेवटी लुगड्याचा रंग पार उडून गेला, आणि हिरोजीने या वेळी तो पुन्हा दिला नाही.

खाली परतल्यावर त्याने भिंत चुन्याने पांढरी केली आणि तिच्यापाशी लोकरीचा पीळ बांधलेली एक मोळी उभी करून ठेवली. त्या गावात तेव्हापासून, म्हणे, 'नाही' म्हणणं अशुभ मानत नाहीत. आणि वरल्या मुलखात जायला चांगला ऋतू कोणता, असं विचारत कुणी हिरोजीकडे आलं, तर तो उलट विचारी, "तिकडे तुमची कुणी वाट बघतंय का?"

"हो, बघतंय की."

"मग आज निघा. आणि निघायचं नसेल, तर आजच तसं कळवा."

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जाण्याचा ऋतू आभाळात शोधू नये, वाट पाहणाऱ्याच्या दारात शोधावा; आणि जायचं नसेल, तर 'येतो' म्हणून त्याची चूल विझवू नये.